पहिला शिक्का देवाचा

शेणव्याच्या बारकूने परदेशात जायचं ठरवलं ते मुरबाडला एका हळदीच्या मांडवात, मटणाची तिसरी वाटी हातात असताना. खरं तर त्याने काहीच ठरवलं नव्हतं. शेजारच्या खुर्चीवर त्याचा साडू हरेश नळी चोखत म्हणाला, "यंदा भात झोडून झालं का आमी दोघं भूतानला चाललोय. मुरबाडचाच टूरवाला हाय." आणि बारकूच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "आमी पन."

रस्सा वाढत आलेली चंदा जागच्या जागी थांबली. चंदा म्हणजे बारकूची बायको आणि हरेशच्या नम्रताची थोरली बहीण. बावीस वर्षांच्या संसारात बारकूने तिला सगळ्यात लांब नेलं होतं ते शिर्डीला, आणि तिथेही स्वतःची नवी चप्पल हरवली म्हणून रुसून त्याच दिवशी परत आणलं होतं.

"आपन?" चंदाने विचारलं.

"मंग कोन? आपनच," बारकू म्हणाला. आता माघार घ्यायची सोय नव्हती. मांडवातली निम्मी माणसं मुरबाडची होती आणि निम्मी शहापूरची, म्हणजे बातमी दोन्ही तालुक्यांत एकदमच पोचणार होती.

शहापूर तालुक्यातल्या शेणव्याच्या नाक्यावर बारकूचं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पॅनकार्ड, शाळेचे फॉर्म, सगळं तिथे होतं. पार डोळखांबच्या पाड्यांवरून माणसं त्याच्याकडे येत, कारण बारकूला कागद कळतो असा साऱ्या भागात समज होता. (हा समज बारकूनेच पसरवला होता, पण पसरला होता हे खरं.) कागदांच्या बाबतीत त्याला कुणी काही शिकवलेलं खपत नसे. त्यात शिकवणारा हरेश असेल तर मुळीच नाही.

आणि हरेशने नेमकं तेच केलं. फोन करून सांगितलं, "साडूभाऊ, व्होटर कार्ड चालतं बरं का. जास्त काय करू नका."

बारकू दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने हसला. "हरेशराव, व्होटर कार्डावर मत देतात. परदेशात पासपोर्ट लागतो. बॉर्डरवर साहेब बसलेला असतो, तो पासपोर्ट उघडतो आन जागच्या जागी शिक्का मारतो. त्याला व्हिसा ऑन अरायव्हल बोलतात."

टूरवाल्यानेही समजावलं. "काका, भूतानला आपल्याला व्हिसा नसतो, परमिट असतं. व्होटर कार्ड आणा, सोपं पडेल."

"तेच ते," बारकू म्हणाला आणि पासपोर्टचा फॉर्म भरायला बसला. फक्त स्वतःचा. चंदाचा नंतर बघू, तिचं व्होटर कार्ड चाललं तर चाललं, असा त्याचा हिशेब होता. त्याचं स्वतःचं व्होटर कार्ड दुकानातल्या टेबलाच्या काचेखाली 'नमुना' म्हणून फेव्हिकॉलने चिकटवलेलं होतं आणि ते तिथेच राहिलं.

पासपोर्ट आला तो दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात. आता दसऱ्याला शेतकरी कोयता-नांगर पुजतो, रिक्षावाला रिक्षा पुजतो. बारकू दरसाल झेरॉक्सची मशीन पुजतो. तिच्यानंतर स्टेपलर, पंच, शिक्क्याचं पॅड आणि मोबाइलचा चार्जर. (चार्जर सारखा बिघडतो म्हणून त्याला हळद जास्त.) त्या वर्षी पाटाच्या मधोमध पासपोर्ट बसला. बारकूने पहिलं कोरं पान उघडलं आणि ओल्या कुंकवात बोट बुडवलं.

"आवो, त्याच्यावर कशाला?" चंदा म्हणाली. "सरकारी कागद हाय तो."

"नवीन वहीच्या पहिल्या पानावर आपन काय काढतो?"

"वही आपली असते."

"पासपोर्ट पन माझाच हाय. पहिला शिक्का देवाचा, मंग साहेबाचा. म्हंजे साहेब नाय बोलूच शकत नाय."

त्याने झोकात स्वस्तिक काढलं. खाली 'श्री' काढला. हळदीची पाच बोटं लावली, ओल्या अक्षता टाकल्या, झेंडूच्या दोन पाकळ्या ठेवल्या, आणि फोडलेल्या नारळाचं पाणी शिंपडून पासपोर्ट दाबून बंद केला. मग लाल फडक्यात गुंडाळून देवाच्या फोटोमागे ठेवला. "आता हा उघडायचा नाय. बॉर्डरवरच्या साहेबानंच उघडायचा," असं त्याने जाहीर केलं. पुढे महिनाभर लोक पासपोर्ट बघायला येत होते. बारकू फडकं जरासं सारून लांबूनच निळं कव्हर दाखवायचा. म्हातारी धोंडीबाई तर हात जोडून, डोकं टेकवून गेली.

नोव्हेंबरात भात घरात आलं आणि मंडळी निघाली. शहापूर-मुरबाडची मिळून बारा माणसं. कल्याणहून गाडी, दोन दिवसांचा प्रवास, मग बस, आणि चौथ्या दिवशी सकाळी सगळे जयगावात, म्हणजे आपल्या देशाच्या अगदी शेवटच्या गावात उतरले. समोर रंगीत, नक्षीदार दरवाजा होता. दरवाज्याच्या अलीकडे हॉर्न, चिखल, भजीवाले आणि आपण. पलीकडे भूतान.

"येवढंच?" चंदा म्हणाली. "मला वाटलं मधी डोंगर-बिंगर असंल. हा तर आपल्या आठवडी बाजाराचा दरवाजा."

बारकूचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. त्याला एकच गोष्ट करायची होती, हरेशच्या आधी परदेशात पाय टाकायचा. बाराही जण कोपर लावून पुढे सरकत असताना तो नातेवाइकांना तुडवत खिडकीवर पहिला पोचला. परमिटचं ऑफिस दरवाज्यातून आत गेल्यावर वीसेक पावलांवर होतं.

खिडकीत गुडघ्यापर्यंत मोजे आणि झग्यासारखा सुंदर पोशाख घातलेला तरुण साहेब होता. तो गोड हसला. बारकूने पोटाशी बांधलेल्या पिशवीतून लाल फडकं काढलं आणि बाळ पाळण्यात ठेवावं तसं दोन्ही हातांनी त्याच्यापुढे ठेवलं.

साहेबाने फडकं सोडलं. पासपोर्ट उघडायला गेला. उघडेना. त्याने नख घातलं, थोडा जोर लावला, आणि चर्र असा आवाज झाला. कीबोर्डवर अक्षता सांडल्या. मागोमाग झेंडूची वाळकी पाकळी गिरक्या घेत त्याच्या चहाच्या कपात उतरली.

"ये क्या है?" साहेबाने विचारलं.

"शुभ है, सर."

साहेबाने पान उजेडाला धरलं. मधोमध उभी चीर गेली होती आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं स्वस्तिक होतं.

"और ये स्टॅम्प किस देश का है?"

"घर का, सर."

"किसने लगाया?"

"हमने. अंघोळ करके लगाया," बारकू म्हणाला. शुद्धतेबद्दल शंका असेल तर मिटावी म्हणून.

तरुण साहेबाने मोठ्या साहेबांना बोलावलं. मोठ्या साहेबांनी आणखी दोघांना बोलावलं. चौघांनी मिळून पासपोर्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत अदबीने चाळला. नारळाचं पाणी सगळीकडे फिरून आलं होतं. सोळा पानं हळदीची झाली होती. फोटोतल्या बारकूच्या नाकाला एक तांदूळ चिकटला होता. मोठे साहेब फार सभ्य. त्यांनी तो स्वतःच्या नखाने काढायचा प्रयत्न करून पाहिला, पण नाकही थोडं निघायला लागलं तेव्हा थांबले.

"सॉरी, सर. पासपोर्ट डॅमेज है. इस पर परमिट नहीं मिलेगा. व्होटर कार्ड दीजिए, पाँच मिनट में कर देंगे."

मागे रांगेतल्या सगळ्यांच्या माना पुढे आल्या. हरेश हसला नाही. (तो हसला असता तर बारकूला बरं वाटलं असतं.)

बारकूने घाईघाईने दुसरी पिशवी उघडली. "झेरॉक्स है, सर! ग्यारा है!" आणि त्याने आपल्या व्होटर कार्डाच्या अकरा झेरॉक्स पत्त्यांसारख्या मांडल्या. दोन तर रंगीत होत्या.

मोठ्या साहेबांनी मान हलवली. "ओरिजिनल चाहिए."

"फोटो है मोबाइल में—"

"ओरिजिनल, सर."

बारा वर्षं डोळखांबच्या लोकांना टेबलामागून खेकसून ऐकवलेला शब्द बारकूने पहिल्यांदा टेबलाच्या पुढे उभं राहून ऐकला. तो इतका वाईट ऐकू येतो याची त्याला कल्पना नव्हती. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

"तुमी नाय तर मी पन नाय जात," चंदा म्हणाली. तिचं परमिट तोवर झालं होतं. व्होटर कार्ड दाखवलं, अंगठा दिला, दोन मिनिटांत संपलं.

बारकूचं मन भरून आलं. असं प्रेम बघितलं की माणसाला मोठेपणा सुचतो. "नाय गो, तू जा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "माज्यापायी तुजा हिरमोड नको."

आता ती पुन्हा एकदा 'नाय' म्हणेल, मग आपण पुन्हा एकदा 'जा' म्हणू, मग ती रडेल आणि दोघं जोडीने जयगावात राहू, असं त्याने मनात सगळं मांडलं होतं.

"बरं," चंदा म्हणाली. "औषधाची गोळी जेवल्यावर घ्या. उपाशीपोटी नको." आणि नम्रताचा हात धरून चालू लागली. बारकूने मान वर केली तेव्हा दोघी बहिणी पलीकडच्या बसमध्ये खिडकीची जागा कुणाची यावरून भांडत होत्या.

पुढचे चार दिवस बारकू जयगावच्या लॉजवर राहिला. लॉजच्या गच्चीवरून परदेश स्पष्ट दिसायचा. पलीकडे एक म्हातारा रोज सकाळी आपला ओटा झाडायचा. तिसऱ्या दिवशी त्याने बारकूला ओळखीचा हात केला.

संध्याकाळी चंदाचा व्हिडिओ कॉल यायचा. "आवो, हितं हॉर्नच वाजवत नाय कोन! मिरचीची भाजी करतात, नुसत्या मिरचीची! नम्रताला लय झोंबली, मी दोनदा घेतली!" तिच्यामागे उंच डोंगर, डोंगरावर मठ, आणि मठाच्या पुढे दात काढून उभा असलेला हरेश.

"फॉर्म-बिर्म काय लागला तर मला विचारा," बारकू म्हणाला. स्वतःची काहीतरी गरज उरली असावी एवढीच त्याची इच्छा होती.

"लागला ना. पुढच्या गावाला जायला परत परवानगी काढायची होती. टूरवाला गडबडला. मंग मीच सगळ्या अकरा जनांचे फॉर्म भरले."

"तू?"

"बारा वरसं डबा घेऊन दुकानात येते, तुमी लोकांवर वरडता ते आयकतेच की. नुसतं वरडायचं सोडून बाकी सगळं केलं."

बारकूने गोळी घेतली. उपाशीपोटी.

पाचव्या दिवशी मंडळी परत आली. चंदाच्या गालांवर ऊन लागून लाली चढली होती आणि गळ्यात विणलेला पट्टा होता. तिने बारकूसाठी लोकरीची टोपी आणली होती आणि ती त्याला फार बरी दिसत होती हे कबूल केलं पाहिजे. परतीच्या गाडीत अर्धा देश ओलांडेपर्यंत बारकू टोपी कानांवर ओढून आडवा पडून होता. मग भुसावळच्या पुढे त्याला एकदम सुचलं आणि तो ताडकन उठून बसला.

"हरेशराव! ऑफिस दरवाज्याच्या आत होतं ना?"

"होतं."

"वीस पावलं आत. आन मी तिथं तासभर उभा होतो. म्हंजे तुमच्या सगळ्यांच्या आदी परदेशात कोन गेला?"

हरेशने विचार केला. माणूस सरळ होता. "तुमीच गेलात, साडूभाऊ," तो म्हणाला. "आन आमच्या सगळ्यांच्या आदी परत पन आलात."

डबा इतका हसला की पलीकडच्या डब्यातला चहावाला बघायला आला. चंदाही हसली, पण हसता हसता तिने बारकूच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यामुळे त्याला गाडीतून उडी मारावीशी वाटली नाही.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी बारकूने दुकान उघडलं. त्याच्या मनात एकच धाकधूक होती. आता कागदासाठी कोण आपल्या दारात येणार? तासभर चिटपाखरू फिरकलं नाही. आणि मग, देव दयाळू आहे, शेणव्याचा साईनाथ हातात मोठा लिफाफा घेऊन थेट दुकानाकडे येताना दिसला. बारकू सावरून बसला. शर्टाची कॉलर नीट केली, चष्मा पुसला, आणि पूर्वीसारखा कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "ओरिजिनल आनलाय का?"

"आनलाय, काका." साईनाथने आत डोकावून पाहिलं. "काकी हायत का?"

डबा घेऊन आलेली चंदा मागच्या स्टुलावर बसली होती. ती उठून पुढे आली. लिफाफा घेतला, कोरा करकरीत पासपोर्ट बाहेर काढला, एकेक पान उलटून पाहिलं, नाव वाचलं, तारीख वाचली, आणि समाधानाने मान हलवून साईनाथला परत दिला.

"एकदम ब्येस हाय," ती म्हणाली. "आता फकस्त आमच्या ह्यांच्या हातात देऊ नको."