बिननावाची डिस्क

थेरगावच्या गुरुदत्तरावांनी कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी चहा पिता पिता एक छोटासा निर्णय घेतला. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या शेजारी लिनक्स नावाची दुसरी सिस्टिम बसवायची! का, म्हणून विचाराल तर कारण काही नाही. कॉम्प्युटरला नुकतीच नवी डिस्क लावली होती, रॅम वाढवली होती, आणि म्हातारा असा काही पळायला लागला होता की त्याला स्वस्थ बसू देणं गुरुदत्तरावांच्या जिवावर आलं.

शाळेत निघालेल्या मृदुलाताईंनी दारातूनच बजावलं, "अहो, माझे नववीचे विज्ञानाचे पेपर त्यात आहेत. आठ दिवस खपलेय त्यांच्यापायी. उद्या मोठ्या बाईंना द्यायचेत."

"मृदुला, चाकणला अख्ख्या लाइनची क्वालिटी मी बघतो."

"म्हणूनच सांगतेय," असं म्हणून त्या गेल्या.

आता गुरुदत्तरावांची कंपनीतली शिस्त म्हणजे देवाचा शब्द. तिथला नियम एकच: ज्या वस्तूवर लेबल नाही ती भंगार. हा नियम त्यांनी घरीही आणला होता. साखरेच्या डब्यावर 'साखर', पंख्यावर 'पंखा'. (सासूबाई राहायला आल्या तेव्हा मात्र त्यांनी हात आवरला.)

तर लिनक्सने विचारलं, कुठे बसू? समोर दोन डिस्क. एकीवर नाव होतं 'विंडोज'. दुसरी जुनी, आणि तिच्यावर नुसते आकडे.

"बिनलेबलची?" गुरुदत्तराव गरजले. "माझ्या घरात?"

कॉम्प्युटरने विचारलं, सगळं पुसू? त्यांनी 'हो' म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं, नक्की? (मशीनला असली शंका बायकोसारखी का यावी, याचंच त्यांना हसू आलं.) त्यांनी पुन्हा 'हो' दाबलं.

आणि काय सांगावं! कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर दोन नावं, हवं ते निवडा! गुरुदत्तरावांनी खुर्चीतल्या खुर्चीत गिरकी घेतली, फोटो काढला, शिफ्टच्या ग्रुपवर टाकला. स्टोअरच्या दत्तोबाचं लगेच उत्तर आलं, "राव, आता तळवड्याच्या आयटी पार्कातच जा तुम्ही!" गुरुदत्तरावांना ते पटलंसुद्धा.

दुपारी मृदुलाताई आल्या, कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि शोधाशोध करू लागल्या.

"अहो, पेपर कुठायत?"

"विंडोजला मी बोटही लावलेलं नाही!"

"विंडोजमध्ये नव्हतेच. जुन्या डिस्कवर ठेवले होते."

"जुन्या? ते का?"

"नवीनवर तुम्ही काहीतरी उद्योग कराल म्हणून!"

गुरुदत्तरावांच्या तोंडचं पाणी पळालं. लेबल, भंगार, शिस्त असे दोन-चार शब्द त्यांनी पुटपुटून पाहिले, पण मृदुलाताईंच्या डोळ्यांत पाणी बघून तेही गिळले. मेलं ते लिनक्स, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. मृदुलाताईंनी मोठ्या बाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. (शिक्षा दोघांनी मिळून ऐकावी म्हणून.)

"बाई, माझे पेपर गेले हो सगळे..."

"मिस्टर घरी होते का आज?"

"हो."

"कंपनी चाकणची?"

"हो. तुम्हाला कसं...?"

"रडू नका. आज गुरुवार, कंपन्या बंद. सकाळपासून तुम्ही चौथ्या. अहो, पेपर मला खरे सोमवारीच लागतात. मधे गुरुवार येतो म्हणून मी शुक्रवार सांगते, म्हणजे पुन्हा करायला दोन दिवस हातात राहतात."

मृदुलाताई रडता रडता हसायला लागल्या. गुरुदत्तरावांच्या जिवात जीव आला, आणि जीव आला तसा उत्साहही आला. ते फोनवर वाकले.

"बाई, मी गुरुदत्त. चूक माझीच. भरपाई म्हणून शाळेचे कॉम्प्युटर एकदा बघून देऊ का?"



"नको हो," मोठ्या बाई म्हणाल्या. "शाळेचे आमच्या मिस्टरांनी बघून दिलेत. तेव्हापासूनच तर सगळ्याजणी पेपर घरी टाइप करतात!"