परत येण्याची हमी

सामानाची बांधाबांध करावी तर मीच! हे मी बायकोला लग्नापासून सांगत आलोय आणि ती लग्नापासून नुसतं ‘हं’ म्हणत आलीय. अहो, मी इतका टापटिपीचा की वरच्या दातांची कवळीसुद्धा रात्री ठरलेल्याच वाटीत ठेवतो!

आम्ही फिलिपिन्सचे. थायलंडच्या डोंगरातल्या कारेन आदिवासींच्या या गावात देवाचं काम करता करता केस पिकले. आता मुलीच्या, हेजेलच्या लग्नासाठी सुट्टीवर मायदेशी निघालो होतो. तिने बजावलंच होतं, “पप्पा, आशीर्वादाची प्रार्थना तुम्हीच म्हणायची. तुम्ही नसाल तर मी चर्चची पायरी चढणार नाही!”

घर बंद ठेवलं तर उंदीर आणि वाळवीची चंगळ. म्हणून मी नामी युक्ती काढली. सगळं सामान गावात घरोघर सांभाळायला देऊन टाकलं. कोंबड्यासुद्धा! कुत्रासुद्धा!

“बघ नेली, याला म्हणतात नियोजन!”

“हं,” नेली म्हणाली.

निघायच्या दिवशी सकाळी दार उघडलं तर ओसरीवर कोंबड्या! मागोमाग भांडी आली, गाद्या आल्या. कुत्रा तर आपला आपणच आला. माणसं वस्तू ठेवत होती आणि तशीच पाठ फिरवत होती.

“अरे, झालं तरी काय?” आम्हाला न्यायला आलेल्या जीपवाल्या तायूला मी विचारलं.

“गुरुजी, आधीचे पाद्रीही असंच सगळं वाटून गेले. ‘वर्षभरात येतो’ म्हणाले होते. त्यांची कढई अजून आमच्या घरात आहे. ते कुठायत?”

“अरे, मी येणार आहे!” मी म्हणालो. पण तायू थांबायला तयार नव्हता. “ओढ्याचं पाणी चढतंय. आत्ताच्या आत्ता निघालो तर जीप पलीकडे जाईल. नाहीतर विमान विसरा!”

मी खिडकीवरच्या फळीवर हात घातला. पासपोर्ट नव्हते! दोन्ही नव्हते!

“नेली, पासपोर्ट!”

“बांधाबांध कुणी केली?”

गाद्या झटकल्या, भांडी उपडी केली, टोपलीत अंड्यांवर बसलेल्या कोंबडीला उचलून खाली पाहिलं. तिने हाताला चोच मारली. तायूचा हॉर्न वाजला. “गुरुजी, ओढ्यातला मधला दगड बुडाला!” चर्चच्या पायरीशी खोळंबलेली हेजेल डोळ्यांपुढे दिसायला लागली.

तेवढ्यात शेजारची मूपॉ आजी पांढरा धागा घेऊन आली. प्रवासाला निघणाऱ्याच्या मनगटाला ती तो बांधते. माझ्या शिकवणीत हे बसत नाही, पण आजीला नाही म्हणायची माझी छाती नाही.

“आजी, धागा राहू दे! आमचे पासपोर्ट हरवले!”

“हरवतील कशाने? मीच फळीवरून उचलून माझ्या पेटीत ठेवलेत.”

“तुझ्या पेटीत?”

“काल तूच म्हणालास ना, या पुस्तकाशिवाय तुम्हाला इथे परत येता येत नाही? म्हटलं, एवढी मोलाची वस्तू हा वेंधळा तिकडे कुठेतरी हरवून बसायचा. परत आलास की घेऊन जा.”

“अगं आजी, ते नसलं तर आम्हाला जाताच येणार नाही!”

“मग तर बरंच झालं.”

कुणीही हसलं नाही. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. परत येण्याची शपथ घ्यायला मी बायबलवर हात ठेवला.

“आधीच्या पाद्र्यानेही ठेवला होता,” आजी म्हणाली.

पुन्हा हॉर्न. आता तायू सीटवर बसूनच ओरडत होता.

“आजी,” नेली पुढे झाली, “यांची कवळी ठेवून घ्या. तिच्याशिवाय यांना मांस चावता येत नाही आणि प्रवचनही देता येत नाही. धावत परत येतील!”

“नेली! अगं, लग्नात प्रार्थना...”

“काढा!”

काढली. आजीने ती उजेडात धरून नीट पाहिली, फडक्यात गुंडाळली आणि पासपोर्ट आणून दिले. माझ्या मनगटाला धागा बांधताना तिचे डोळे भरून आले. माझेही आले. मागे लोक कोंबड्या आणि गाद्या उचलून पुन्हा आपापल्या घरी नेऊ लागले होते.

ओढा कसाबसा पार केला. लग्नात प्रार्थना मीच म्हटली. पहिल्या रांगेवर चांगलेच तुषार उडाले. जावयाने तोंड पुसत ‘आमेन’ म्हटलं. मग अख्खं भाजलेलं डुक्कर पंगतीत आलं आणि मी भाताची पेज घेऊन कोपऱ्यात बसलो.

थोरला भाऊ शेजारी येऊन बसला. “एफ्रेन, वय झालं आता. इथेच राहा की! त्या डोंगरात परत कशाला जातोस?”

देवाची हाक, सेवा, समर्पण असं बरंच काही सांगता आलं असतं.

“जायलाच हवं,” मी पेज गिळत म्हणालो. “माझे दात तिकडे आहेत.”