मंदाताईची वेबसाईट आणि मोतीपुळण

पाणमांजर बुडतं का?

बाळांनो, हा प्रश्न माझा नाही. एका जंगलात, जिथे खाडी संपून बेटं सुरू होतात तिथे, धोंडू नावाचं एक पाणमांजर राहत होतं. प्रश्न त्याचा. त्याने तो सगळ्यांना विचारला. आत्या म्हणाली, "असं अभद्र विचारू नये." कासवगुरुजी म्हणाले, "हे पुढच्या इयत्तेत आहे." धोंडू पुढच्या इयत्तेत कधी गेलाच नव्हता. गुरुजी घरून शाळेत पोचेपर्यंत शाळा सुटायची, त्यामुळे त्याचं शिक्षण दुसरीतच थांबलं होतं. सिंहमहाराजांनी प्रश्न ऐकून शोक व्यक्त केला आणि ते जेवायला गेले.

उत्तर कुणी दिलं नाही. धोंडूची मोठी बहीण मंदाकिनी मात्र बुडाली होती.

मंदाताई लेखिका होती. जंगलात तेव्हा नुकतीच वेबसाईट आली होती. ती कुठून आली हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण उद्घाटन सिंहाने केलं होतं, तेव्हा चांगलीच असणार. वडाखाली मोठा पडदा लावला होता. त्यावर मंदाताई बेटांच्या सहली लिहायची. कुठली पुळण मऊ, कुठे सावली, कुठे पिल्लांना डुंबायला सोडावं. सगळं जंगल ते वाचायचं आणि डबे बांधून निघायचं.

तिची एक खोड होती. ती आधी लिहायची, मग जायची. "आधी गेलं की पाण्यातच वेळ जातो, लिहायचं राहतं," असं ती म्हणे. आठवडाभराच्या सहली ती एकदम लिहून चढवायची, रोज एक बाहेर येईल अशा बेताने. मग एकेका बेटावर जाऊन आपण लिहिलंय तसं आहे का ते बघायची. बहुतेक वेळा असायचं.

त्या आठवड्यात वेबसाईट बिघडली. पडद्यावर एक चक्र गरगर फिरायचं आणि पुढे काही यायचंच नाही. ताईने डोकं धरलं, धोंडूला उगाच एक चापट मारली आणि "जरा मोतीपुळण बघून येते" म्हणून निघाली. ती परत आली नाही. सकाळी लाटांनी तिला वाळूवर आणून ठेवलं.

दहाव्याला खाडीकाठी भाताचा पिंड मांडला. वर कोळंबी ठेवली, ताईला आवडायची म्हणून. चिंचेवर कावळा बसला होता. तो काही खाली येईना. बाळांनो, कावळा शिवत नसेल तर गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय असं समजतात. मग घरच्यांनी हात जोडून एकेक वचन द्यायचं असतं.

आत्या म्हणाली, "मंदे, धोंडूकडे आम्ही बघू."

कावळ्याने चोच पंखाला पुसली.

"धोंडूचं लग्न करून देऊ."

कावळ्याने पाठ फिरवली.

शेजारची रानडुकरीण, गोदाकाकू, म्हणाली, "मंदे, उन्हाचे चटके बसतायत गं. पोरं भुकेली आहेत. शीव बाई एकदाची."

कावळा ढिम्म.

तेव्हा धोंडू उठला. विचार करून उठणाऱ्यांपैकी तो नव्हता. "ताई," तो म्हणाला, "तुझी वेबसाईट मी चालू करतो. पुन्हा कधी बंद पडू देणार नाही."

कावळा खाली आला. कोळंबी उचलली, भातालाही चोच लावली. काही जण म्हणाले, त्याला भूकच तेव्हा लागली. पण वचन ते वचन. कावळ्यासमोर दिलेलं मोडता येत नाही.

वेबसाईटची दुरुस्ती बगळ्याकडे होती. तो चिखलात एका पायावर उभा असायचा, डोळे मिटून. शेजारी 'मदत केंद्र' अशी पाटी.

"काका, ताईची वेबसाईट चालू करा."

"तुमची तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे," बगळा डोळे न उघडता म्हणाला.

धोंडूने एक मासा टाकला. एक डोळा उघडला. आणखी एक टाकला. दुसरा उघडला.

"काय काय चालू करू?"

"सगळं."

"आधी वाचून बघायचंय?"

"मला वाचायला वेळ लागतो. तुम्ही करून टाका."

बगळ्याने चिखलात चोच खुपसली. आत काहीतरी खटकन वाजलं आणि चक्र थांबलं.

सोमवारी सकाळी पडद्यावर ताई बोलू लागली. 'चिंबोरी बेटावर दगडांमागे गार सावली असते. तिथले खेकडे चावत नाहीत, नुसता आव आणतात.' धोंडूने बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडून ते वाचलं. मग पोहत चिंबोरी बेटावर गेला आणि त्या दगडांमागे दुपारपर्यंत बसून राहिला. खेकडा चावला. त्याला बरं वाटलं.

मंगळवारी फणशी बेट. ससे शिंपले घेऊन आले, माकडांच्या पाठी भाजल्या. सगळ्यांनी पडद्यावर लिहिलं, 'मंदाताई, झकास. अशीच लिहीत राहा.' दहाव्याच्या जेवणाचा रस्सा अजून त्यांच्या मिशांना होता. धोंडूला ते काही वावगं वाटलं नाही. मेलेलं माणूस रोज सकाळी नवीन काही बोलत असेल, तर आणखी काय पाहिजे? जिवंतपणी ती त्याला "गप बस, लिहितेय" एवढंच म्हणायची.

बुधवारी लेखाखाली एक ओळ आली. 'रविवारी वाचा: मोतीपुळण. पाणी ताटातल्या वरणासारखं निवांत. तान्ह्या पिल्लांनाही घेऊन या.'

धोंडूने ती पुन्हा वाचली. आपलंच काही जोडायला चुकलं असेल म्हणून आणखी एकदा वाचली. मग तो मोतीपुळणीला गेला. पाणी खरंच वरणासारखं होतं. त्याने पाय घातला आणि खालून कुणी घोटा धरून ओढावं तसं झालं. खडकाला नखं रोवून तो कसाबसा बाहेर आला आणि तसाच ओला बगळ्याकडे गेला.

"रविवारचं बंद करा."

"लेखिकेने स्वतः यावं."

"ती मेली, काका."

"तसं तिने कळवायला हवं होतं."

"चालू तर माझ्या सांगण्यावरून केलंत ना?"

"चालू करायला कुणीही सांगू शकतं," बगळा म्हणाला. "बंद करायला मालक लागतो."

धोंडूने टोपलीभर मासे ओतले. बगळ्याने ते खाल्ले आणि डोळे मिटले.

मग धोंडू वडाखाली आला. पडदा फोडावा म्हणून त्याने धोंडाही उचलला. पण वडावर कावळा बसला होता आणि मान वाकडी करून बघत होता. धोंडूने धोंडा खाली ठेवला.

तो घरोघरी सांगत सुटला. गोदाकाकू रविवारच्या डब्याची कंदमुळं सोलत होती.

"काकू, मोतीपुळणीला जाऊ नको. ताई तिथेच बुडाली."

"काहीतरीच. निवांत आहे म्हणून तिनेच सांगितलंय."

"ते तिने आधी लिहिलं होतं. नंतर ती मेली."

"मग रोज लिहितंय कोण?"

"काकू, तू दहाव्याला जेवून गेलीस."

"दहावं वेगळं, वेबसाईट वेगळी," गोदाकाकू म्हणाली. "आणि तू रे कोण सांगणारा? दुसरी पास. इतकं खरं असेल तर वेबसाईटवर येऊ दे."

धोंडूला ते पटलं. तो गुरुवारभर पडद्यासमोर बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने काही लिहिलं. 'मोतीपुळणीला माझी ताई बुडाली. जाऊ नका.'

वेबसाईटने उत्तर दिलं, 'आपला अभिप्राय सहलीविषयी नाही.' आणि तो पुसून टाकला. पण तेवढ्यात बऱ्याच जणांनी वाचला होता. एकाने लिहिलं, 'आम्ही काठावरच बसू.' दुसऱ्याने लिहिलं, 'नेमकं कुठे बुडाली ते कुणी दाखवेल का? पोरांना बघायचंय.' ज्यांचं जायचं ठरलं नव्हतं त्यांनीही डबे काढले. एका माकडाने विचारलं, 'ते सगळं ठीक आहे, पण तिथे भजी मिळतात का?'

धोंडू त्या प्रश्नाकडे बघत बसला.

शुक्रवारी त्याने पुन्हा लिहिलं. 'मोतीपुळणीवर भजी मिळत नाहीत. घाण वास येतो. मंदा कधी तिथे गेलीच नाही. ती न जाता लिहिते. खोटारडी आहे.' खोटारडी या शब्दात एकही जोडाक्षर नाही. तरी सगळ्यात जास्त वेळ त्याला तोच लिहायला लागला.

हा अभिप्राय वेबसाईटला आवडला. तिने तो सगळ्यांच्या वर लावला.

आता वासाचं खरं करायला हवं होतं. बाळांनो, पाणमांजराची विष्ठा काय चीज असते ते जेवताना विचारू नका. माशांचे काटे आणि खेकड्यांची कवचं त्यात एकत्र कुजतात. शनिवारी धोंडू दिवसभर खात होता आणि पुळणीवर बसत होता. थोडं पुढे सरकून पुन्हा खात होता, पुन्हा बसत होता. ताई गेल्यापासून त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. त्या दिवशी त्याने उतरवला.

रविवारी अर्धं जंगल घरातूनच निघालं नाही. उरलेलं अर्धं तराफ्यांवर बसून आलं आणि बेटाला लागताच नाकं दाबून उभं राहिलं. वाघाने दोन्ही पंजे तोंडावर धरले.

"आणि भजीही नाहीत," माकड म्हणालं.

परत गेल्यावर वेबसाईटवर काय लिहायचं ते सगळ्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. 'मंदाने फसवलं.' 'हिचं यापुढे वाचणार नाही.' 'मेली ते बरं झालं.' ती मेल्याचं तेव्हा मात्र सगळ्यांना आठवलं. मग जो तो तराफ्याकडे धावला. पाण्यात कुणी बोटही बुडवलं नाही.

वेबसाईट चालूच होती. वाचणारं कुणी उरलं नव्हतं, पण चालू होती. कावळ्याला बोलायला जागा नव्हती.

गोदाकाकू सगळ्यात मागे राहिली. तिचं शेंडेफळ पाण्यात खेळायचं म्हणून हटून बसलं होतं. ते सुटून लाटांकडे धावलं. धोंडूने झेप टाकून त्याचा कान धरला आणि त्याला वर ओढून आणलं. तोवर शेवटचा तराफा निघून गेला होता.

"काकू, तुला पोहता येतं. याला मी घेतो," धोंडू म्हणाला.

त्याने बेटाच्या पलीकडची, ओढ नसलेली खाडीची बाजू धरली. पिल्लू पाठीवर घेतलं आणि पाण्यात उतरला. गोदाकाकू शेजारून पोहू लागली. पोहताना तिचं तोंड मोकळंच होतं.

"तान्ह्यांना घेऊन या म्हणे. लिहिताना लाज कशी वाटली नाही बाईला?"

"हं," धोंडू म्हणाला.

"पहिल्यापासून लबाडच ती."

"हं."

"तुझी बहीण म्हणून इतके दिवस बोलत नव्हते. पण तूच लिहिलंस ते बरं केलंस. निदान घरात एक तरी खरं बोलणारा निघाला."

पिल्लू रडून रडून त्याच्या मानेवर झोपलं होतं. त्याचे पाय भिजू नयेत म्हणून धोंडूने पाठ आणखी वर उचलली, आणि काठ येईपर्यंत प्रत्येक वेळी "हं" म्हटलं.

तात्पर्य: जिवाला धोका आहे असं सांगून कुणाला अडवू नये. त्याने लोक डबे बांधतात. भजी मिळत नाहीत, एवढंच सांगावं. आणि ज्याला चारचौघांत खरं बोलणारा म्हणवून घ्यायचं असेल, त्याने आधी आपल्या माणसाला खोटारडं म्हणायला शिकावं.