पेटीले कोनं हात लावला?

सौंसरला आमच्या शेजारी राहणाऱ्या गुणवंतभाऊंच्या घरात एकच कूलर होता आणि भर उन्हाळ्यात त्याचं तोंड पेटीकडे असे. घरातली माणसं कोपऱ्यात घामाने निथळत बसत. वहिनी म्हणत, "पुढच्या जन्मी मले पेटीच होऊ दे बाप्पा!"

पेटी म्हणजे हार्मोनियम नव्हे, सिंथेसायझर. नागपूरचा एक ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा भाऊंनी ही पेटी विकत घेतली, गोधडीत गुंडाळली आणि बसमध्ये खिडकीच्या सीटवर बसवून आणली. तिकिटं दोन काढली. भाऊ स्वतः बसस्टँडवर बुकिंगला बसणारे, पेटीचाही फुकट प्रवास त्यांना चालला नसता.

उन्हाने पेटीचा सूर सरकायचा, म्हणून कूलर. "सूर उतरला!" म्हणत भाऊ चालू कार्यक्रम थांबवायचे. केसाएवढा फरकसुद्धा त्यांना दाताखाली खडा आल्यासारखा लागायचा.

आमची भीमगीतांची पार्टी होती. मी ढोलकीवर, भाऊ पेटीवर. पेटीवर गोल फिरकीच्या बटणांच्या रांगाच रांगा होत्या, पण तयार आवाज एकही नव्हता. पहिल्यांदा त्यांनी मला दाखवलं तो दिवस मी विसरणार नाही. एक पट्टी दाबली. करवतीने पत्रा कापावा तसा आवाज आला.

"हा कच्चा माल," भाऊ म्हणाले. "आता पाह्य."

एक बटण फिरवलं, आवाजाची धार गेली. दुसरं फिरवलं, त्यात श्वास आला. तिसरं जरासं ढकललं आणि त्या पत्र्याच्या खोलीत बासरी वाजू लागली! ना बांबू, ना फुंकर. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी पेटीच्या मागे वाकून पाहिलं. भाऊ खूश झाले.

"पुन्हा अश्शीच निघेल?" मी विचारलं.

"अश्शीच? सकाळची भाजी आन् संध्याकाळची भाजी येकसारखी होते का गा?"

त्या पेटीला काही म्हणजे काही लक्षात राहत नसे. बटण हललं की आवाज गेला. आणि भाऊंची मुलगी शीला रोज सकाळी पेटी पुसायची. फडकं फिरलं की बटणं फिरायची आणि आमच्या अंगणापर्यंत आरोळी यायची, "पेटीले कोनं हात लावला?"

"धूळ खाऊन राहिली होती, तं पुसू नोको का?" शीला आतून ओरडायची.

मग भाऊ बटणं पुन्हा जुळवत बसत. त्यांना त्यातच मजा येत असावी असा मला संशय होता.

अशात आमचा गायक प्रल्हाद नवा डिजिटल कीबोर्ड घेऊन आला. एक बटण दाबलं की सनई, दुसरं दाबलं की बासरी. ऊन असो, थंडी असो, सूर जागचा हलत नसे. पार्टी खुळावली. भाऊंनी ऐकलं आणि विचारलं, "चूल कुठी हाय?"

"कोनती चूल, भाऊ?"

"ताट तं वाढून आनलं तू. शिजवलं कुठी?"

भांडण पेटलं. शेवटी ठरलं, जयंतीला पांढुर्ण्याच्या कार्यक्रमात दोन्ही वाजवायचे आणि लोकांना आवडेल तो पार्टीत ठेवायचा. पेटी गेली तर आपली पार्टीतली जागाही गेली, हे भाऊ जाणून होते. ते ईर्ष्येने तयारीला लागले. मधे शीलाचं लग्न झालं, ती गोंदियाला गेली.

जयंतीला भाऊ रिकाम्या हातांनी आले. "प्रल्हाद, तुह्याच कीबोर्डावर वाजवतो मी," म्हणाले. प्रल्हादने सगळ्यांना सांगितलं, भाऊ हरले. भाऊंनी मान खाली घालून अख्खा कार्यक्रम वाजवला. मला तर रडू यायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी जाऊन भांडलोच. "न लढताच हरलात? पेटी का नाही आणली?"

खोलीत कूलर चालू होता, पेटीकडे तोंड करून. भाऊंनी एक पट्टी हलकेच दाबली. दोन सुरांच्या मधे कुठेतरी लटकलेला, थरथरणारा आवाज आला. बेसूर, अगदी बेसूर! आणि केसाएवढा फरक न सोसणारे भाऊ डोळे मिटून तो ऐकत होते.

"भाऊ, सूर लावून घ्या ना."

"शीलानं पुसली गा. लग्नाच्या सकाळी. गडबडीत होती, तरी पुसून गेली." त्यांनी पट्टी सोडली. "बसमंधी नेली असती तं बटनं हालली असती. तवापासून म्या बटनांले हात नाई लावला."

मी कूलरसमोरून बाजूला सरकलो.

"दिवाळीले येऊन राहिली ते," भाऊ म्हणाले. "पुसन ते पुन्हा."

"मग?"

"मंग काय? ओरडतो ना, कोनं हात लावला म्हनून!"