वधूपित्यांची रजा

दुपारच्या सुट्टीत मंत्र्यांचा निरोप आला, की खुर्ची कुरकुरते. विरोधक बोलत असताना आपण जरा हललो की खालून कुईं होतं, समोरचा माइक ते कुईं देशभर पोचवतो, आणि सरकार अस्वस्थ आहे असा लोकांचा समज होतो. सुट्टी संपायच्या आत बंदोबस्त व्हावा.

निरोप जिथे जायचा तिथेच गेला, म्हणजे संसदेच्या मुख्य प्रशासकीय अधिकाऱ्यांकडे. हे पद ऐकायला भारदस्त आहे. दारावर पितळी पाटी, आत भलंमोठं टेबल. काम मात्र असं, की कायदे करणारे कायदे करणार आणि त्यांच्या डोक्यावरचा पंखा, बुडाखालची खुर्ची, पुढ्यातलं पाणी, कपातला चहा आणि संडासातला साबण हे सगळं यांनी बघायचं. अधिवेशन म्हणजे महिनाभर चालणारं लग्नच. दोन्हीकडची मंडळी सदा रुसलेली, आणि हा माणूस हात जोडून इकडून तिकडे पळतोय. तुम्ही जेवलात का, असं त्यांना कोणी विचारल्याचं कोणाला आठवत नाही. म्हणून अख्खी इमारत त्यांना समोर साहेब म्हणायची आणि पाठीमागे वधूपिते.

त्या दिवशी वधूपित्यांना एकच गोष्ट साधायची होती, ती म्हणजे संध्याकाळची गाडी. परगावी दिलेल्या मुलीला मुलगी झाली होती. नात पालथी पडली, रांगली, चालायला लागली, आता बोलायलाही लागली, पण आजोबांनी तिला अजून उचलून घेतलं नव्हतं. दर वेळी रजा मंजूर व्हायची आणि दर वेळी माशी शिंकायची. एकदा सभागृहाचं छत गळलं, एकदा परदेशी पाहुणे आले, एकदा तर नुसतीच अफवा आली होती, तरी रजा रद्द झाली. या खेपेला सभापतींनी स्वतः सही केली होती. अट एवढीच, की अधिवेशन संपलं पाहिजे. आज शेवटचा दिवस होता आणि एकच विधेयक उरलं होतं. सकाळी निघताना बायको म्हणाली, "तिकिटांचं मी बघते. तुम्ही फक्त स्टेशनवर या." एवढंच बोलली, आणि बायको कमी बोलली की वधूपित्यांना तिची जास्त भीती वाटायची.

तर खुर्ची. कोठारातून नवी खुर्ची काढायची म्हणजे तिघांच्या सह्या, आणि तिघेही जेवायला गेलेले. फर्निचरच्या मुकादमाने तोडगा काढला. विरोधकांच्या तिसऱ्या रांगेत दांडीबहाद्दरांची खुर्ची होती. हे सदस्य निवडून आल्यावर शपथ घ्यायला आले होते, त्यानंतर फिरकलेच नव्हते. खुर्ची कोरी करकरीत. ती मंत्र्यांना द्यावी, मंत्र्यांची तिकडे ठेवावी, कोणाला पत्ता लागणार नाही, असं मुकादमाचं म्हणणं. वधूपित्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि होकार दिला.

मुकादम कामाचा माणूस, पण त्याला एक खोड होती. बिघडलेली वस्तू त्याला बघवत नसे. कुरकुरणारी खुर्ची तिसऱ्या रांगेत ठेवायच्या ऐवजी तो ती दुरुस्तीला घेऊन गेला. त्या रांगेत एक भोक तसंच राहिलं, आणि सुट्टी संपल्याची घंटा झाली.

आणि दांडीबहाद्दर आले.

का आले, देव जाणे. शेवटच्या दिवशी सगळ्यांचा एकत्र फोटो काढतात म्हणे, त्यासाठी आले असतील. आपल्या जागेशी गेले, तर तिथे नुसता गालिचा. त्यांनी हात वर करून बोलायला सुरुवात केली, तोच सभापतींनी थांबवलं. या सभागृहाचा जुना नियम आहे, की सदस्याने आपल्या आसनावरूनच बोलायचं.

"सन्माननीय सदस्यांनी आपल्या आसनावरून बोलावं," सभापती म्हणाले.

"पण माझं आसन कुठाय?"

"हा प्रश्न त्यांनी आपल्या आसनावरून विचारावा."

आता या बोलण्यावर माणसाने करावं तरी काय? दांडीबहाद्दरांनी थोडा विचार केला, आणि जिथे खुर्ची असायला हवी होती तिथे खाली मांडी ठोकली. तिथून त्यांनी जे भाषण केलं, ते त्यांच्या कारकिर्दीतलं पहिलंच. सरकारने आमच्या मतदारांच्या बुडाखालून खुर्ची ओढली, असं ते म्हणाले. इतक्यात कोणाची तरी नजर गेली, की मंत्री नव्याकोऱ्या खुर्चीवर बसलेत. मग काय, आगीत तेलच पडलं. विरोधी पक्षाच्या नेत्या उठल्या, त्यांनी पदर खोचला आणि आपल्या सहकाऱ्याच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसल्या. त्यांच्यामागोमाग सगळा विरोधी पक्ष खाली आला.

वधूपिते आपल्या खोलीतल्या टीव्हीवर हे बघत होते. खाली बसलेत तर बसू देत, असं त्यांनी मनाशी म्हटलं. बसून का होईना, विधेयक होऊ दे.

पण पडद्यावर विरोधक जमिनीवर आणि सरकार खुर्च्यांवर असं चित्र दिसत होतं, आणि निवडणूक तोंडावर आलेली. सत्ताधाऱ्यांच्या बाकांवर कुजबुज झाली. आधी एक मंत्री खाली बसले, आमचीही नाळ मातीशी जुळलेली आहे म्हणाले. मग दुसरे बसले, मग सगळेच. बघता बघता देशाची संसद पंगतीला बसल्यासारखी जमिनीवर, आणि वर एकटे सभापती.

पाठोपाठ शिंका सुरू झाल्या. गालिचा वरून झाडला जायचा, पण त्याच्या पोटात काय काय होतं ते आजवर कोणी इतक्या जवळून बघितलं नव्हतं. वधूपित्यांकडे चिठ्ठ्यांचा पाऊस पडला. गालिचा शेवटचा कधी धुतला, एकाला शेंगदाणा सापडला, एकीला झुरळ. एका वयोवृद्ध सदस्यांना मागच्या अधिवेशनात हरवलेला कानातल्या यंत्राचा तुकडा सापडला, आणि तो लावल्यावर त्यांना ऐकू यायला लागल्यामुळे तेही चिडले. वधूपिते प्रत्येक चिठ्ठीला "त्वरित बघतो" असं उत्तर देत होते आणि डोळा घड्याळावर ठेवून होते. अजून वेळ होता. टॅक्सी मिळाली तर अजूनही गाडी मिळत होती.

शेवटी एकदाचं मतदान पुकारलं. वधूपित्यांनी बॅग हातात घेतली.

आता इथे आणखी एक परंपरा सांगितली पाहिजे. जगात सगळीकडे मतदानाला बटणं आली, पण या सभागृहाला आपल्या जुन्या पद्धतीचा भारी अभिमान. बाजूने असतील त्यांनी उभं राहायचं, मोजणारे मोजणार. खुर्चीवरून उभं राहणं वेगळं आणि जमिनीवरून उठणं वेगळं, हे परंपरा घालून देणाऱ्यांच्या डोक्यात कशाला येईल? त्यातून सत्ताधारी पक्ष अनुभवी, म्हणजे बहुतेकांचे गुडघे गेलेले. सभापती म्हणाले, बाजूने असणाऱ्यांनी उभं राहावं. सरकार उठायला लागलं आणि अर्ध्यावर अडकलं. कोणी शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार घेतला, तर शेजारीच आडवा झाला. ज्यांनी विधेयक मांडलं होतं ते मंत्री ओणवे राहून "मी उभाच आहे असं समजा" असं सांगत होते. तरण्या सदस्यांनी म्हाताऱ्यांना बगलेत हात घालून उचलायला सुरुवात केली, तशी विरोधी पक्षाच्या नेत्यांनी हरकत घेतली.

"ज्याला दुसऱ्याने उठवलं," त्या म्हणाल्या, "त्याचं मत त्याचं कसं?"

मुद्दा बिनतोड होता. सभापतींनी नियमांचं पुस्तक चाळलं, त्यात गुडघ्यांचा उल्लेख नव्हता. मतदान रद्द झालं. अधिवेशन आठवडाभर वाढलं. वधूपित्यांनी बॅग खाली ठेवली आणि ते मटकन बसले. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या, आणि कोणी बघायला नव्हतं म्हणून त्यांनी ते येऊ दिलं.

तेवढ्यात कोणीतरी सांगत आलं, की खुर्ची कोणी हलवली यावरून हक्कभंग दाखल होतोय आणि हलवणाऱ्याचं निलंबन ठरलेलं आहे. वधूपित्यांनी डोळे पुसले. निलंबन! निलंबित माणसाला कोणी खुर्ची विचारत नाही, साबण विचारत नाही, आणि निलंबित माणसाला अधिवेशन नसतं. पगार अर्धा होईल, नाव जाईल, पण गाडी मिळेल. ते सभापतींच्या दालनाकडे जवळजवळ धावतच गेले.

आत सभापती, खुर्चीवाले मंत्री आणि विरोधी पक्षाच्या नेत्या बसल्या होत्या. वधूपित्यांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, "खुर्ची मी हलवायला लावली. चूक सर्वस्वी माझी आहे. मला निलंबित करा, शक्यतो आत्ताच."

नेत्यांनी त्यांच्याकडे कणव येऊन बघितलं. त्यांना सरकार दोषी हवं होतं, आणि खुर्ची जर एका अधिकाऱ्याने हलवली तर सरकार सुटतं. त्या म्हणाल्या की असल्या सज्जन माणसाचा बळी देऊन मंत्र्यांना वाचवणं आम्ही खपवून घेणार नाही. मंत्री घाबरले. चौकशी झाली तर निरोप कोणी पाठवला होता ते निघणार, म्हणून त्यांनाही अधिकारी दोषी नकोच होता. ते म्हणाले की साहेब भोळे आहेत, दुसऱ्याचं स्वतःवर ओढवून घ्यायची त्यांना सवयच आहे. वधूपिते हात जोडून गयावया करत होते, मी केलं हो, खरंच मीच केलं. जितकं म्हणत होते तितकी दोघांची खात्री पटत होती.

सभापतींचा ऊर भरून आला. एवढ्या वर्षांत दोन्ही बाजूंचं एकमत त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. अधिकारी निर्दोष, हे ठरलं. खुर्चीच्या चौकशीला एक समिती नेमायचं ठरलं, आणि समितीचं कामकाज बघायला असा निःस्पृह माणूस दुसरा कोण, म्हणून तेही काम वधूपित्यांकडेच आलं. "तुमची रजा मी स्वतः रद्द करतो," सभापती प्रेमाने म्हणाले, "तुम्हाला अर्ज करायचा त्रास नको."

बाहेरच्या बोळात उभं राहून त्यांनी बायकोला फोन लावला. पलीकडे स्टेशनचा गलका होता.

"अधिवेशन वाढलं," ते म्हणाले. "रजा गेली."

"हं."

"चूक माझीच होती गं. पण कोणी मानायलाच तयार नाही."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं. "म्हणून मी तिकीट एकच काढलं."

 दिवसभर वधूपित्यांनी ज्या गाडीसाठी जिवाचं रान केलं, तिच्यात त्यांना जागाच नव्हती. त्यांनी विचारलं, "आणि समजा मी आलोच असतो तर?"

"तर एका जागेवर दोघं बसलो असतो," ती म्हणाली. "मी अजून सरकूनच बसलेय."

मग गाडी सुटली.