वीस मिनिटं पुढे

मी एकदा हमी दिली की विषय संपला! आमच्या ओळखीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. शेजाऱ्यांच्या गच्चीवर पाण्याची टाकी बसवली, तेव्हा "थेंबभरसुद्धा गळणार नाही" ही हमी माझी होती. (पुढे त्यांच्या जिन्यातून जे वाहिलं, त्याला टाकी जबाबदार होती, मी नाही.) साडूंच्या जुन्या स्कूटरची हमीसुद्धा माझीच. ती अजून नव्यासारखी आहे, कारण ती जागची हलत नाही. आणि माझा मेहुणा ही नोकरी काही सोडत नाही, असं मी सासऱ्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं. तो सध्या आमच्याकडेच असतो.

तशीच माझी प्रवासाची हमी आहे. माझ्याबरोबर शहर बघायला या, एकही प्रसिद्ध ठिकाण बघावं लागणार नाही! पुतळे, मनोरे, संग्रहालयं, सगळीकडे गर्दी, आणि सगळ्यांचे फोटो सारखे. शहर बघायचं तर मागच्या दारानं शिरावं, असं माझं मत आहे. बायको म्हणते, मागच्या दारानं शिरणाऱ्याला वेगळं नाव असतं. असो.

तर त्या शुक्रवारी घड्याळजीच्या बायकोनं मला आणि माझ्या बायकोला घरी बोलावलं. घड्याळजी म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. तीस वर्षं स्टेशनरोडवरच्या चिमुकल्या दुकानात डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस. दोन महिन्यांपूर्वी एका बाईंच्या नाजूक घड्याळाची स्प्रिंग त्याच्या चिमट्यातून उडाली आणि सापडलीच नाही. तासभर तो जमिनीवर रांगत होता म्हणे. त्या दिवशी त्यानं शटर ओढलं ते ओढलंच. "नजर गेली. हात कापतात. आता बास," एवढंच बोलायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजर वयाला शोभेशी आहे असं सांगितलं, तरी ऐकेना. शेवटी दुकान द्यायचं ठरलं. मोबाइलची कव्हरं विकणारा एक माणूस सोमवारी किल्ली घ्यायला येणार होता.

मला वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू? त्या दुकानातल्या स्टुलावर बसून मी निम्मं आयुष्य काढलं आहे.

"भावजी, दोन दिवस यांना कुठंतरी घेऊन जा," वहिनी म्हणाल्या. "पण एक अट आहे. कुठल्याही घड्याळाला हात लावू द्यायचा नाही. मनाला उगीच त्रास. हमी देता?"

"दिली!"

"अगदी नक्की?"

"वहिनी, काळ्या दगडावरची रेघ! आणि रविवारी संध्याकाळी पाचला हा तुमच्यासमोर हजर!"

वहिनींनी माझ्या बायकोकडे पाहिलं, बायकोनं वहिनींकडे पाहिलं. दोघींच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. आपल्या शब्दाला वजन आहे हे बघून मला बरं वाटलं.

शनिवारी दुपारी आम्ही त्या शहरात उतरलो. माझ्या यादीत पहिला होता एका जुन्या इमारतीतला लाकडी गोल जिना. आत शिरून आम्ही मान वर करून बघतोय, तोच वरून एक बाई ओरडल्या, "आलात एकदाचे! तीन वाजताचं सांगितलं होतं ना? कपाट खाली आहे, तिसऱ्या मजल्यावर आणा!"

"अहो, आम्ही..."

"आणि भिंतीला घासू नका!"

त्यांचा आवाज असा होता, की आम्ही कपाट उचललं. तीन मजले! वर पोचल्यावर त्यांनी आम्हाला पाणी दिलं आणि कपाट उलट्या भिंतीला लावायला सांगितलं. खरे हमाल आले तेव्हा आम्ही पायऱ्यांवर धापा टाकत बसलो होतो.

"स्थानिक लोकांशी असा संवाद प्रसिद्ध ठिकाणी होतो का, सांग?" मी विचारलं.

घड्याळजी पाठ चोळत राहिला.

मग आम्ही एका बसच्या शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो. शहराचा खरा चेहरा शेवटच्या थांब्यावर दिसतो, हा माझा सिद्धांत. चौक छानच निघाला. एका बाजूला बेकरी, तिच्यावर शिकवणीचा वर्ग, समोर बसकंट्रोलरची दुमजली चौकी, शेजारी आमचा लॉज. चौकीच्या कपाळावर परातीएवढं जुनं घड्याळ.

मी मुद्दाम त्याला बेकरीकडे तोंड करून बसवलं. पण बेकरीच्या काचेत घड्याळ उलटं दिसत होतं, आणि हा पठ्ठ्या ते उलटंसुद्धा वाचत होता.

"तुझ्या घड्याळात किती वाजले?" त्यानं विचारलं.

माझं मनगटी घड्याळ त्याच्याच हातचं. सेकंद इकडचं तिकडं होत नाही.

"सहा."

"ते सहा वीस दाखवतंय."

"दाखवू दे."

"वीस मिनिटं पुढे आहे रे!"

"तुला काय करायचंय? बिस्किट खा."

त्यानं बिस्किट खाल्लं नाही. जेवताना दोनदा उठून खिडकीपाशी गेला. झोपायच्या आधी म्हणाला, "यंत्र चांगलं चाललंय. नुसता काटा घसरला असणार. दोन तासांचं काम." दोन महिन्यांत तो सलग इतकं बोलला नव्हता.

सकाळी साडेसहाला मला जाग आली, तेव्हा तो कॉटवर बसला होता आणि मांडीवर त्याची हत्यारांची गुंडाळी होती. पेचकस, चिमटे, तेलाची कुपी, सगळं!

"हे तू आणलंस?" मी किंचाळलो.

"शप्पथ नाही. पिशवीत टॉवेलखाली निघालं."

"टॉवेलखाली आपोआप उगवलं?"

मला त्याचा राग आला, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. मी विचार केला. वहिनींना मी हमी दिली होती ती मनगटावरच्या, भिंतीवरच्या, घरगुती घड्याळांची. चौकातल्या सार्वजनिक घड्याळाचा त्यात उल्लेखही नव्हता! शिवाय प्रवासी म्हणून आपण या शहराला काहीतरी देऊन गेलं पाहिजे. मी बूट चढवले.

कंट्रोलरसाहेब नऊनंतर येणार होते. चौक झाडणाऱ्या मावशी तेवढ्या भेटल्या. चौकीची किल्ली त्यांच्याकडेच असायची.

"मावशी, हे घड्याळ इतकी वर्षं कुणी दुरुस्त केलं नाही?"

"कुणाला गरजच वाटली नाही," मावशी म्हणाल्या.

"बघ!" मी घड्याळजीला म्हणालो. "लोकांची अनास्था ही अशी! मावशी, आज ते नीट होणार. माझी हमी!"

मावशींनी खांदे उडवले आणि किल्ली दिली.

माळ्यावर धूळ इतकी होती की मी पहिली दहा मिनिटं नुसता शिंकलो. घड्याळजीनं मागचं झाकण काढलं आणि तो थांबला. आत ताटल्यांएवढी पितळी चाकं होती. त्यानं खिशातलं भिंग काढलं, डोळ्याजवळ नेलं, आणि परत खिशात टाकलं.

"याला भिंग लागतच नाही रे," तो हळूच म्हणाला.

मी बॅटरी धरली. त्यानं एकेक दात पुसला, तेल दिलं, सैल झालेला काटा पक्का केला. हात जरासुद्धा कापत नव्हता. कापत होता तो माझा, कारण बॅटरी जड होती. बरोबर नऊला, माझ्या घड्याळाप्रमाणे, त्यानं काटे लावले. खाली उतरल्यावर त्यानं मान वर करून घड्याळाकडे असं पाहिलं, की मी दुसरीकडे बघायला लागलो. डोळ्यात धूळ गेली होती.

तिथून पुढे मात्र या शहराचा कारभार किती ढिला आहे, हे आमच्या लक्षात येऊ लागलं. आम्ही न्याहारीला बेकरीसमोर बसलो. बेकरीवाला दारात उभा राहून गप्पा मारत होता. पावणेदहाच्या सुमारास आतून धूर आला.

"अहो, भट्टीत काहीतरी जळतंय!" मी म्हणालो.

त्यानं चौकीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आमचं नाही. आमच्या ब्रेडला अजून वेळ आहे."

पाच मिनिटांनी धूर त्याच्या डोक्यावरून चौकात आला, तेव्हा तो "अगं आई गं!" करत आत पळाला. बाहेर आला तो कोळशाचे ट्रे घेऊन!

वरच्या शिकवणीचा वर्ग दहाला. दहाला बाई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत दारात उभ्या, आणि समोर एकही मूल नाही. दहा वीसला चाळीस मुलं एकदम हसत खेळत आली.

"ही काय वेळ झाली?" बाई कडाडल्या.

मुलं खिडकीतून घड्याळाकडे बोट दाखवायला लागली. बाईंनी सगळ्यांना जिन्यात उभं केलं.

"शिस्त नाही," मी घड्याळजीला म्हणालो. "आता घड्याळ बरोबर झालंय, तर हळूहळू हीही सुधारतील."

आमची स्टेशनची बस बाराला होती, गाडी एकला. बाराला पाच कमी असताना आम्ही बसमध्ये बसलो. बारा वाजले. ड्रायव्हर आणि कंट्रोलर चौकीच्या पायरीवर निवांत चहा पीत होते. बारा पाच झाले. बारा दहा! मी खाली उतरलो.

"साहेब, बाराची बस कधी सुटणार?"

"बाराला," कंट्रोलर म्हणाले.

"बारा वाजून गेले की! ते काय समोर घड्याळ!"

"तुम्ही नवे दिसता," ते प्रेमानं म्हणाले. "ते घड्याळ वीस मिनिटं पुढे असतं. आता बाराला दहा कमी आहेत."

मी मान वर करून घड्याळाकडे पाहिलं. "हे... हे सगळ्यांना माहीत आहे?"

"जन्मल्यापासून! हातात मोबाइल असला तरी इथला माणूस मान वर करून वेळ बघतो आणि वीस वजा करतो."

"मग तुम्ही ते दुरुस्त का करत नाही?"

"कशाला? वजा करता येतं की."

शहाण्या माणसानं इथे गुपचूप बसमध्ये जाऊन बसायला हवं होतं. पण केलेल्या कामाची जबाबदारी घेणं हा माझा स्वभाव! मी छाती काढून म्हणालो, "आता वजा करायची गरज नाही. सकाळी आम्ही ते बरोबर करून दिलंय!"

चहाचा पेला कंट्रोलरच्या ओठांपाशीच थांबला. ड्रायव्हर उडी मारून उठला. आणि तेवढ्यात मागून बेकरीवाला ओरडला, "अरे, हेच ते! सकाळी वरून उतरताना पाहिले मी!"

दोन मिनिटांत चौक भरला. बेकरीवाल्याच्या हातात जळका ब्रेड होता आणि तो आता दगडाइतका कडक झाला होता, म्हणून मी त्याच्यापासून जरा लांब उभा राहिलो. बाई चाळीस मुलांसकट खाली आल्या.

"आत्ताच्या आत्ता वर चढा, आणि होतं तसं करा!" कंट्रोलर म्हणाले.

"करतो, करतो!" मी म्हणालो. "हमी..."

"नाही करणार!"

हा आवाज घड्याळजीचा होता. शाळेपासून मी त्याला इतक्या मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं.

"चालू घड्याळ मी माझ्या हातानं चुकीचं लावू? तीस वर्षांत असं पाप केलं नाही! मी घड्याळजी आहे!"

होतो असं म्हणाला नाही, बरं का. आहे म्हणाला! एवढ्या गर्दीत, त्या कडक ब्रेडसमोर, माझा ऊर भरून आला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिकडे आमची गाडी चुकायची वेळ आली होती, पण ते मी कुणाला बोललो नाही.

शेवटी बाईच पुढे झाल्या. "हे बघा, ते चुकीचं नाही. आमच्या चौकाचं ते माप आहे. पण पूर्वी ते धड वीस पुढे नसायचं. कधी अठरा, कधी बावीस. तुम्हाला बरोबर वीस जमेल का?"

घड्याळजीनं जरा विचार केला.

"वीस म्हणजे वीस," तो म्हणाला. "एकोणीस निघालं तर बोलवा मला."

तो वर गेला. काटा सरकला. मी खालून माझ्या घड्याळाशी ताडून ओरडलो, "बरोबर वीस!" आणि सगळ्या चौकानं टाळ्या वाजवल्या! बेकरीवाल्यानंसुद्धा वाजवल्या, फक्त ब्रेड काखेत धरून. कंट्रोलरनी घड्याळजीचा फोन नंबर लिहून घेतला. शहरात अशी आणखी चार मोठी घड्याळं आहेत म्हणे.

बस पाऊण वाजता सुटली. एकची गाडी चुकली, तीनची मिळाली. गाडीत घड्याळजी सगळा वेळ मोठ्या घड्याळांबद्दल बोलत होता, आणि मी वहिनींना काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो.

सात वाजता घड्याळजीच्या घरी पोचलो. दोघी दारातच उभ्या होत्या. मी सरळ शरण गेलो.

"वहिनी, हमी मोडली. यानं घड्याळाला हात लावला. शिवाय दोन तास उशीर."

वहिनींनी नवऱ्याचा हात हातात घेतला. नखांत काळं तेल होतं. त्या ते बघतच राहिल्या. मग पदरानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, "दुकानाची किल्ली कुणाला द्यायची नाही. त्या कव्हरवाल्याला मी शुक्रवारीच नाही सांगितलंय."

"शुक्रवारी?" मी चाट पडलो. "तेव्हा तर आम्ही निघालोही नव्हतो!"

"पण तुम्ही हमी दिली होतीत ना, भावजी! हे घड्याळाला हात लावणार नाहीत, अशी. टाकी, स्कूटर, मेहुणा, सगळं बघितलंय आम्ही. तुम्ही म्हणाल त्याच्या उलटं होणार, हे नक्की! हत्यारं मीच ठेवली टॉवेलखाली."

मी बायकोकडे पाहिलं. तिनं गरम चहाचा कप पुढे केला.

"पाच म्हणाला होतात ना तुम्ही? तेव्हाच मी सात धरले होते. आत्ताच उकळला."

म्हणजे हे सगळे मला वर्षानुवर्षं वजा करून वाचतात तर! मी चहा घेतला. घड्याळजी आतल्या खोलीत भिंतीवरचं घड्याळ उतरवत होता. निघताना बायको दारात म्हणाली, "अहो, ही फजिती बाहेर कुठे सांगू नका हं. आपलंच हसं होतं."

मी तिला तिथल्या तिथे हमी दिली!