कसबे मुरूमची कोरडी गादी

श्री बसवेश्वर समर्थ. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, कसबे मुरूम, तालुके उमरगा येथे जे वर्तमान घडले ते घरच्यांनी डोळ्यांनी पाहिले, शेजाऱ्यांनी भिंतीआडून ऐकिले, आणि दोरीवर वाळत पडलेल्या वाकळांनी तर गावभर आधीच केले होते. तथापि पुढील पिढ्यांस खरे काय ते कळावे, म्हणून वाढघट न करिता लिहितो. घट तर मुळीच केली नाही.

तुरीच्या अडतीचे धनी राजमान्य राजश्री महांतप्पा, ज्यांच्या मिशीस बाजारपेठ वचकून असे आणि जे मूठभर तूर तळहातावर घेताच तीत ओल किती हे बिनचूक सांगत, त्यांचा जीव एकाच ठिकाणी गुंतला होता. नात शिवरंजनी, वय वर्षे तीन. आईचे दूध सुटल्यापासून ती अज्जाच्याच कुशीत निजे, आणि ती कुशीत आल्याखेरीज अप्पांसही झोप येत नसे. मठात मान होता, बाजारात दरारा होता, परंतु दिवसभर ते वाट पाहत ती या एका घटकेची, हे आम्ही उघडच लिहितो.

ऐशियात रात्री डायपर बांधण्याच्या रिवाजाने लेकराच्या मांड्यांवर पुरळ उठले, आणि मग सूनबाई उमादेवी, ज्या शाळेत शिकवीत आणि ज्यांच्या नुसत्या नजरेने वर्ग गप्प होई, त्यांनी फर्मान काढिले की, डायपर आजपासून बंद, अमावास्येपर्यंत मुदत, त्यानंतर एकदा जरी गादी ओली निघाली तरी पोर आपल्या खोलीत मेणकापडावर निजेल, अज्जाजवळ नाही. फर्मान सुनेचे, सबब सासऱ्यास दाद मागण्यास जागा उरली नाही.

तेव्हा स्वयंपाकघरात मसलत बसली. अप्पांच्या पत्नी मल्लम्मा आईसाहेबांनी सल्ला दिला की, दिवेलागणीनंतर दूध-पाण्याची रसद तोडावी. चिरंजीव विरेश यांनी मोबाईलवर दोन वाजताचा गजर लावण्याचे पत्करले. आणि खासे अप्पासाहेब यांनी वडिलोपार्जित हत्यार बाहेर काढिले. ते हत्यार आपल्या मुलखात घरोघर आहे. लेकरास न्हाणीपाशी उभे करावे, दातांतून लांब ‘श्शूऽऽ’ असा सूर काढावा, आणि लेकराने तो ऐकून मोकळे व्हावे. अप्पांनी सौदे सोडून, अडतीवरून मुद्दाम घरी येऊन, दिवसातून आठ-आठ वेळा कवाईत घेतली, आणि आठवड्यात पोर ऐशी तयार जाहली की, सूर कानी पडावा आणि धार लागावी. वात पेटल्यावर तेरखेड्याचा फटाका कोणाच्या बापाचे ऐकत नाही, तैसे.

परंतु रात्री शिकस्त. पहिली रात्र गेली, दुसरी गेली, मग पाचवी गेली. गजराने विरेश उठले, शेजारचे उठले, कुत्री उठली. शिवरंजनी उठली नाही. आईसाहेबांनी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली, मिरच्यांचा ठसका साऱ्या आळीस लागला, आणि गादी ओलीच. नवल ऐसे की, दुपारी आजीजवळ निजली असता पोर ठणठणीत कोरडी उठे. आणि अप्पा एका लग्नानिमित्त कर्नाटकातल्या आळंद गावी मुक्कामी राहिले, त्या रात्रीही गादी कोरडी. सासू-सुनेने एकमेकींकडे पाहिले आणि दोघी भाकरी थापू लागल्या.

कारण गनीम कोण, हे घरात सर्वांस कळून चुकले होते. अप्पासाहेब घोरत. आधी नाकातून घर्र ऐसा नगारा वाजे, आणि मग मिशीखालून, दातांतून, लांबलचक ‘श्शूऽऽ’. दिवसभर पढविलेले लेकरू झोपेतही हुकूम मोडीत नव्हते! परंतु हे सांगावे कोणी? सुनेने मामांजींस ‘तुम्ही घोरता’ म्हणावे, हे त्या घरच्या रीतीत बसत नव्हते. विरेश म्हणाले की, आपणांस रोज अडतीवर त्यांच्याच समोर बसणे आहे. आणि आईसाहेब तर तीस वर्षांमागे बिछाना उचलून माजघरात गेल्या होत्या. ऐसे सारे अदबीने गप्प राहिले, आणि अमावास्या दोन दिवसांवर आली.

त्रयोदशीच्या सकाळी ओल्या गादीपाशी अप्पा उकिडवे बसले. ते नातीस कधी रागे भरले नव्हते. त्या दिवशीही भरले नाहीत. इतकेच पुसिले, “बाळा, रातच्याला का गं करतीस?”

शिवरंजनी म्हणाली, “अज्जा, तुमीच म्हणता की. शू कर, शू कर. झोपल्यावर बी म्हणता.” आणि तिने घर्र करून, ओठ पुढे काढून, तो सूर हुबेहूब काढून दाखविला.

विरेश फरशीकडे पाहू लागले. उमादेवी दूध उतू जाते म्हणून आत धावल्या. चुलीवर दूध नव्हते. अप्पांनी पत्नीस विचारिले, “खरं का?”

“व्हय,” मल्लम्मा म्हणाल्या. “तीस वर्सं झाली. एकदा सांगितलं होतं म्या, तवा दोन दिस जेवला न्हाईत तुमी.”

आपल्यापायी पोर ओली म्हणून बदनाम जाहली, याचे अप्पांस फार वाईट वाटले. संध्याकाळी त्यांनी आपली वळकटी आपणच काखेत मारिली आणि परसातल्या पत्र्याच्या खोलीत, तुरीच्या पोत्यांजवळ, थंडीत मुक्काम केला.

त्या रात्रीपासून गादी कोरडी. अमावास्या गेली, प्रतिपदा गेली, पंचमी गेली. लढाई जिंकली, परंतु जिच्यासाठी लढली ती आत आणि लढवय्या बाहेर. उमादेवींनी सकाळी चहा नेला तर अप्पांचे डोळे तांबारलेले. “मामा, झोप लागती का इथं?” “लागती की,” अप्पा म्हणाले, आणि ते खोटे होते.

मग षष्ठीच्या रात्री शिवरंजनी आपणहून उठली. आईस ओलांडिले, आजीस ओलांडिले, अंधारे परस पार केले, आणि पत्र्याच्या खोलीत शिरून अज्जाची मिशी ओढली. “अज्जा, शू आली.”

अप्पा धडपडून उठले, तिला न्हाणीपाशी नेले, आणि सवयीने सूर दातांपर्यंत आला, तोच पोरीने त्यांच्या तोंडावर हात ठेविला. “म्हणू नका. माझं मला येतंय.”

आणि आले. मग ती परत आत न जाता तेथेच, अज्जाच्या वाकळेत शिरून निजली. तेव्हा महांतप्पांस मोठा पेच पडला. निजावे तर घोरणे, आणि घोरावे तर हुकूम. म्हणून ते पोत्यास पाठ टेकून, तिचे डोके मांडीवर घेऊन, कोंबडा आरवेपर्यंत टक्क जागे राहिले. अप्पा घरी असता तीस वर्षांत न झाली ऐशी निःशब्द रात्र त्या घराने पाहिली.

सकाळी उमादेवी शोधीत आल्या. वाकळेवर हात फिरवून पाहिला, कोरडी. त्यांनी नवे फर्मान काढिले की, मामांनी वळकटी आत आणावी, खुशाल घोरावे, पोर आता आपल्या हुकमाची धनी जाहली आहे.

येणेप्रमाणे मार्गशीर्षात मांडलेली ही मोहीम पौष मासी फत्ते जाहली. त्याच दिवशी भर बाजारात, तुरीचा सौदा ऐन रंगात आला असता, अप्पासाहेब बसल्या जागी निजले आणि घोरू लागले, आणि विरेश यांनी ओठांवर बोट ठेवून सारा लिलाव घटकाभर थांबविला. लेखनसीमा.